औषधनिर्माणशास्त्राची पदवी : कारखाना की औषधालय?
(औरंगाबादच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन)

प्रस्तावना

भारतातील औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीचा इतिहास बहुधा संस्थांच्या वाढीचा इतिहास म्हणून मांडला जातो. महाविद्यालये किती वाढली, प्रवेशक्षमता किती झाली, याची नोंद त्यात असते. ही पदवी विद्यार्थ्याला नेमक्या कोणत्या कामासाठी तयार करते, हा मूळ प्रश्न मात्र मागे पडतो. कायद्याने औषधनिर्मात्याला रुग्णाच्या हाती औषध सोपविणारा आरोग्यव्यावसायिक मानले. विद्यापीठीय व्यवस्थेने मात्र त्याला दीर्घकाळ तंत्रज्ञांच्या पंक्तीत बसविले. या विसंगतीची जडणघडण औरंगाबाद, म्हणजेच आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पदवीचा उगम आणि कायद्याची चौकट

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात औषध देण्याचे काम प्रामुख्याने कंपाउंडर करीत असे. डॉक्टरच्या हाताखाली राहून मिळविलेला अनुभव हीच त्याची पात्रता होती. बाजारातील भेसळयुक्त व निकृष्ट औषधांच्या तक्रारी वाढल्यामुळे १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमण्यात आली. औषधांवर नियंत्रण हवे, तसेच ती हाताळणाऱ्या व्यवसायाचेही नियमन हवे, अशी तिची भूमिका होती.

याच सुमारास पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ मध्ये औषधी रसायनशास्त्राचे अध्यापन सुरू केले. १९३७ मध्ये तेथे बी.फार्म. हा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम अस्तित्वात आला. श्रॉफ अमेरिकेत रसायन अभियांत्रिकी शिकून आले होते आणि देशी औषधउद्योग उभा राहावा, ही त्या काळाची निकड होती. साहजिकच या पदवीचा आरंभापासूनचा कल रसायनशाळा व कारखाना यांकडे राहिला.

कायद्याचा रोख वेगळा होता. १९४० च्या औषध कायद्याने औषधाच्या गुणवत्तेवर लक्ष केंद्रित केले, तर ४ मार्च १९४८ च्या औषधव्यवसाय कायद्याने औषध देणाऱ्या व्यक्तीवर. या कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावे, असे बंधन आले. पहिली नोंदवही तयार करताना रुग्णालयात किंवा दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे तयार करून देण्याचा अनुभव असलेल्यांनाही सामावून घेण्यात आले. पुढे नोंदणीसाठी पदविका ही किमान पात्रता ठरली. परिणामी एकाच व्यवसायात दोन वाटा निर्माण झाल्या. पदविकाधारक दुकानाकडे आणि पदवीधर उद्योगाकडे, ही विभागणी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती; ती व्यवहारात रुजली.

मराठवाड्याची स्थिती

औषधव्यवसाय कायदा संमत झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. ब्रिटिश भारतातील व त्यानंतर भारतीय संघराज्यातील कायदे संस्थानी प्रदेशाला आपोआप लागू होत नसत. उच्च शिक्षणाचे केंद्र हैदराबाद होते व तेथील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. औरंगपुऱ्यातील श्री सरस्वती भुवन या १९१५ साली स्थापन झालेल्या संस्थेने मराठी मुलांच्या शालेय शिक्षणाची सोय केली; तथापि व्यावसायिक पदवीसाठी प्रदेशाबाहेर जाण्याला पर्याय नव्हता.

१९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय, १९५६ मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ यांनी हे चित्र पालटले. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय 'घाटी' या नावाने संपूर्ण प्रदेशाचा आधार बनले. औषधनिर्माणशास्त्राचे पदवीशिक्षण मात्र या रुग्णालयाचा घटक म्हणून वाढले नाही. शहरातील शासकीय महाविद्यालय असो वा रौजाबाग परिसरातील यशवंतराव चव्हाण औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय असो, या संस्था स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या.

त्यामागे आर्थिक कारणही होते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थाला नव्हे, तर केवळ त्याच्या निर्मितिप्रक्रियेला संरक्षण दिले. वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनविण्याची मुभा मिळाल्याने देशी उद्योगाचा विस्तार झाला. चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहतींत वोक्हार्ट, ल्युपिन, एफडीसी अशा कंपन्यांचे कारखाने आले. उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण व संशोधन या विभागांना पदवीधरांची गरज होती. कारखान्याकडे झुकलेल्या पदवीला शहरातच कार्यक्षेत्र लाभले आणि तिच्या एकांगीपणाची चर्चा मागे पडली.

तंत्रशिक्षणाच्या कक्षेत

१९८७ च्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद कायद्याने तंत्रशिक्षणाच्या व्याख्येत अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, व्यवस्थापन यांच्यासोबत औषधनिर्माणशास्त्राचाही समावेश केला. त्यामुळे महाविद्यालयांवर भारतीय औषधव्यवसाय परिषद व तंत्रशिक्षण परिषद अशा दोन यंत्रणांचे नियंत्रण आले. महाराष्ट्रातील प्रवेशही अभियांत्रिकीबरोबरच तंत्रशिक्षणाच्या यंत्रणेतून होऊ लागले.

१९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ही विभागणी अधिक ठळक झाली. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी व परिचर्या शाखांची महाविद्यालये नव्या विद्यापीठाकडे गेली. औषधनिर्माणशास्त्र पदवीची महाविद्यालये पारंपरिक विद्यापीठांकडेच राहिली. औरंगाबादपुरता याचा अर्थ असा की, घाटीतील भावी डॉक्टर एका विद्यापीठाचा विद्यार्थी झाला आणि त्याने लिहिलेली चिठ्ठी वाचणारा भावी औषधनिर्माता दुसऱ्या विद्यापीठाचा. औषध लिहिणारा व औषध देणारा यांनी शिक्षणकाळात एकत्र येण्याची शक्यता त्यामुळे आणखी दुरावली.

प्रशिक्षणाचे तास

या विसंगतीचा सर्वांत बोलका पुरावा अभ्यासक्रमाच्या नियमांतच सापडतो. १९९१ च्या शिक्षण विनियमांनुसार पदविकेच्या विद्यार्थ्याला किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे होते व त्यांपैकी किमान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरील औषधे देण्यासाठी राखीव होते. याउलट २०१४ च्या बी.फार्म. विनियमांखालील चार वर्षांच्या अभ्यासक्रमात सहाव्या सत्रानंतर चार आठवड्यांत १५० तासांचे प्रशिक्षण आहे. ते उत्पादन विभाग, प्रयोगशाळा, रुग्णालय किंवा औषधालय यांपैकी कोठेही पूर्ण करता येते. सातव्या सत्रात औषधव्यवसाय व आठव्या सत्रात सामाजिक व प्रतिबंधात्मक औषधनिर्माणशास्त्र हे विषय आहेत, ही जमेची बाजू होय. तरीही एकाही रुग्णाला औषध समजावून न सांगता पदवी मिळू शकते आणि त्या पदवीच्या आधारे नोंदणीही होऊ शकते.

ही उणीव भरून काढण्यासाठी २००८ मध्ये फार्म.डी. हा एक वर्षाच्या आंतरवासितेसह सहा वर्षांचा रुग्णकेंद्री अभ्यासक्रम आणण्यात आला. मात्र त्यामुळे मूळ पदवीत सुधारणा करण्याऐवजी तिसरी वाट काढली गेली, असेही म्हणता येईल.

न्यायालयीन निर्णय आणि त्यानंतर

दुहेरी नियंत्रणाचा वाद अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला. विदर्भातील एका संस्थेच्या प्रकरणात ५ मार्च २०२० रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाबाबत १९४८ चा कायदा हा विशेष कायदा असून औषधव्यवसाय परिषदेचाच अधिकार अंतिम राहील. तंत्रशिक्षणाच्या व्याख्येत या शाखेचा समावेश झाल्यानंतर सुमारे तीन दशकांनी तिची कायदेशीर ओळख पुन्हा १९४८ च्या कायद्याशी जोडली गेली.

तथापि अधिकाराचा प्रश्न सुटला म्हणजे आशयाचा प्रश्न सुटला, असे नव्हे. परिषदेने नव्या महाविद्यालयांवर घातलेली पाच वर्षांची स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अवैध ठरविली. संस्था सुरू करण्याच्या हक्कावर केवळ प्रशासकीय ठरावाने बंदी घालता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्यामुळे संख्यावाढीला आवर घालण्यापेक्षा शिक्षणाचा दर्जा व प्रयोजन यांकडे लक्ष देणे अपरिहार्य झाले आहे.

समारोप

औरंगाबादच्या इतिहासातून असे दिसते की, पदवी कारखान्याकडे वळली ती अपघाताने नव्हे. देशी उद्योगाची गरज, स्वस्त औषधांचे राष्ट्रीय धोरण व स्थानिक रोजगार ही त्यामागील रास्त कारणे होती. त्यातून या प्रदेशातील अनेक कुटुंबांना स्थैर्य लाभले. परंतु औषधाच्या दुकानातील टेबलापलीकडे उभ्या असलेल्या रुग्णाला त्याचा लाभ अप्रत्यक्षच मिळाला. मात्रा किती, जेवणापूर्वी की नंतर, दुसऱ्या औषधासोबत चालेल का, या त्याच्या प्रश्नांची उत्तरे देण्याचे दायित्व कायद्याने ज्याच्यावर टाकले, त्याला त्या कामाचे शिक्षण देणे हे विद्यापीठाचेही दायित्व ठरते.

पदवीच्या प्रशिक्षणातही औषध देण्याचे किमान तास निश्चित करणे आणि त्यासाठी घाटीसारख्या रुग्णालयाशी महाविद्यालयांचा नियमित शैक्षणिक संबंध जोडणे, या दोन गोष्टी त्या दृष्टीने तातडीच्या आहेत. त्यासाठी नव्या पदवीची आवश्यकता नाही. १९४८ च्या कायद्यात अभिप्रेत असलेला औषधनिर्माता घडविण्यासाठी अस्तित्वात असलेल्या पदवीतच त्याला जागा देणे पुरेसे आहे.