मऊ खेळण्यांचा संग्रह आणि प्रौढ मन : टेडी बेअरच्या इतिहासाच्या आधारे एक विचार

प्रस्तावना

नाणी, टपाल तिकिटे किंवा जुनी हस्तलिखिते जमवणाऱ्या व्यक्तीला समाज ‘संग्राहक’ म्हणून मान देतो. तीच व्यक्ती कापडी अस्वले आणि ससे जमवू लागली, तर मात्र तो बालिशपणा ठरतो. या दृष्टिकोनामागे एक गृहीतक आहे. मऊ खेळणे ही मूलतः लहान मुलांची वस्तू असून प्रौढ माणूस तिच्याकडे मागाहून, काहीशा चुकीच्या वाटेने आला, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात अमेरिका, जर्मनी आणि ब्रिटन येथील टेडी बेअरच्या इतिहासाच्या आधारे हे गृहीतक तपासण्याचा प्रयत्न केला आहे. या खेळण्याच्या जन्मापासूनच प्रौढ माणूस त्याच्याजवळ उभा होता आणि खेळण्याचा चेहराही बव्हंशी त्याच्याच नजरेने घडवला, असे हा इतिहास सुचवतो.

शिकार, व्यंगचित्र आणि दुकान

नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीसाठी गेले होते. शिकारीची व्यवस्था होल्ट कॉलियर या निष्णात शिकाऱ्याकडे होती. कॉलियर जन्माने गुलाम होता. राष्ट्राध्यक्षांना अस्वल मिळत नाही हे पाहून त्याने कुत्र्यांनी घेरलेल्या एका अस्वलाला बंदुकीच्या दस्त्याने जायबंदी करून झाडाला बांधले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडण्यास रूझवेल्ट यांनी नकार दिला. १६ नोव्हेंबर १९०२ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकात क्लिफर्ड बेरीमन यांचे या प्रसंगावरील व्यंगचित्र प्रसिद्ध झाले आणि दयाळू राष्ट्राध्यक्षाची ही प्रतिमा देशभर पसरली. पुढील चित्रांत बेरीमन यांनी या अस्वलाला अधिकाधिक लहान, गोल डोळ्यांचे आणि गोंडस केले.

प्रत्यक्षात ते अस्वल वाचले नाही. जखमी जनावराच्या यातना संपवाव्यात असे रूझवेल्ट यांनीच सांगितले आणि ते सुरीने मारले गेले. ज्या खेळण्याला पुढे कोट्यवधी मुलांनी उराशी धरले, त्याच्या मूळ कथेतून हा मृत्यू वगळला गेला, आणि कॉलियरचे नावही वगळले गेले. गोंडसपणा बहुधा काहीतरी झाकतच जन्माला येतो. मात्र तो येथे इतक्या लवकर, अवघ्या काही आठवड्यांत झाकू लागावा, हे लक्षणीय आहे.

ब्रुकलिनमध्ये मिठाईचे दुकान चालवणारे रशियातून आलेले ज्यू स्थलांतरित मॉरिस मिचटम आणि त्यांची पत्नी रोझ यांनी या व्यंगचित्रावरून कापडी अस्वल तयार करून दुकानात मांडले. ‘टेडी’ हे रूझवेल्ट यांचे प्रचलित लघुनाम त्याला मिळाले. या व्यवसायातून पुढे ‘आयडियल’ ही खेळण्यांची मोठी कंपनी उभी राहिली.

गिंगेनचा कारखाना

याच सुमारास, या घटनेशी काहीही संबंध नसताना, जर्मनीतील गिंगेन या लहान गावात दुसरे एक अस्वल आकार घेत होते. मार्गारेटे श्टाइफ (१८४७–१९०९) यांना बालपणीच पोलिओ झाला होता आणि त्यांचे आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेले. शिवणकामावर उपजीविका करणाऱ्या या स्त्रीने १८७९–८० च्या सुमारास एका नियतकालिकातील नमुन्यावरून लोकरीच्या नमद्याचा एक छोटा हत्ती शिवला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, हा हत्ती खेळणे नव्हता. ती शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी टाचण्या खोचून ठेवण्याची उशी होती. मुलांनी ती बळकावली आणि मग ती खेळणे झाली. म्हणजे मऊ खेळण्यांच्या या सर्वांत प्रसिद्ध घराण्याची पहिली वस्तू प्रौढांच्या हातातून मुलांकडे गेली. मुलांच्या हातातून प्रौढांकडे नव्हे.

मार्गारेटे यांचा पुतण्या रिखार्ड श्टाइफ याने १९०२ मध्ये हातपाय हलणारे, मोहेर कापडाचे अस्वल तयार केले. १९०३ च्या लाइपझिग येथील खेळण्यांच्या जत्रेत एका अमेरिकन खरेदीदाराने त्याची मोठी मागणी नोंदवली. १९०७ या एका वर्षात या कारखान्याने ९ लाख ७४ हजार अस्वले तयार केली. नकलांपासून संरक्षण म्हणून १९०४ पासून प्रत्येक प्राण्याच्या कानात धातूचे बटण बसवण्यात येऊ लागले. मुलाच्या दृष्टीने हे बटण निरर्थक होते. किंबहुना ते उपटून काढावेसे वाटणारी वस्तू होती. पुढे मात्र संग्राहकाची नजर सर्वप्रथम त्याच बटणाकडे जाऊ लागली.

१९०६–०७ च्या लाटेत अमेरिकेत केवळ मुलेच नव्हे, तर प्रौढ स्त्रियाही सहलीला व मोटारीतून जाताना अस्वले बरोबर नेत. याच लाटेला विरोधही झाला. १९०७ मध्ये मिशिगन राज्यातील एका कॅथलिक धर्मगुरूने प्रवचनातून असा इशारा दिला की, मुलींनी बाहुली टाकून अस्वल हाती घेतले तर त्यांच्यातील मातृत्वाची भावना नष्ट होईल. घटत्या जन्मदराविषयी त्या काळात सर्वांत मोठ्याने बोलणारे गृहस्थ स्वतः रूझवेल्ट होते, हा यातील विनोद त्या धर्मगुरूच्या ध्यानात आला होता किंवा कसे, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट होते. बाहुली ही भावी मातेची शाळा मानली जात होती. अस्वल मात्र काहीच शिकवत नव्हते. त्याच्यावरील माया निरुपयोगी होती, आणि नेमकी तीच टीकाकारांना खुपत होती. आजच्या प्रौढ संग्राहकावरील टीकेचे मूळही येथेच शोधता येते.

चेहरा कोणी बदलला?

आरंभीची अस्वले आजच्या वाचकाला फारशी गोंडस वाटणार नाहीत. लांब मुस्कट, पाठीवर मदार, लांब हात आणि आत गच्च भरलेला लाकडाचा भुसा असे त्यांचे रूप होते. ती खऱ्या अस्वलाच्या बरीच जवळ होती.

ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्ये ‘बालरूपबंधा’ची कल्पना मांडली. मोठे डोके, पुढे आलेले कपाळ, खाली बसवलेले मोठे डोळे, फुगीर गाल आणि आखूड हातपाय ही लक्षणे दिसताच माणसाच्या मनात संगोपनाची प्रेरणा जागी होते, मग ती लक्षणे मानवी बालकाची असोत, पिल्लाची असोत वा निर्जीव वस्तूची, असे त्यांचे प्रतिपादन होते. रॉबर्ट हाइंड आणि बार्डेन या अभ्यासकांनी केंब्रिज येथील लोकसंग्रहालयात प्रदर्शित झालेल्या अस्वलांची मोजमापे घेऊन १९८५ मध्ये दाखवून दिले की, विसाव्या शतकाच्या ओघात टेडी बेअरचे कपाळ मोठे आणि मुस्कट आखूड होत गेले. खेळणी प्रजनन करीत नाहीत. तेव्हा ही ‘उत्क्रांती’ घडली ती दुकानातील निवडीमुळे, असेच म्हणावे लागते.

मग निवड करणारा कोण? १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात वेगवेगळ्या वयाच्या मुलांसमोर बालमुखी आणि प्रौढमुखी अशी दोन्ही प्रकारची अस्वले ठेवण्यात आली. सहा आणि आठ वर्षांच्या मुलांचा कल बालमुखी अस्वलांकडे दिसला. चार वर्षांच्या मुलांनी अशी पसंती दाखवली नाही. ज्या वयात अस्वल प्रत्यक्ष कवेत घेऊन झोपले जाते, त्या वयाला त्याच्या गोंडसपणाचे विशेष वाटत नाही, असा याचा अर्थ निघतो. गोंडस चेहरा हा पैसे देणाऱ्यासाठी आहे.

महाराष्ट्रातील शहरांतही याचे प्रत्यंतर मिळते. व्हॅलेंटाइन सप्ताहातील १० फेब्रुवारी हा दिवस भारतात ‘टेडी डे’ म्हणून साजरा होतो, आणि त्या दिवशी अस्वल देणारे व घेणारे बहुतांशी महाविद्यालयीन वयाचे असतात, हे कोणत्याही प्राध्यापकाला वेगळे सांगावयास नको.

स्पर्श आणि वास

चेहरा दुकानात मोह घालतो. परंतु वस्तूशी नाते जडते ते स्पर्शाने. भुशाच्या जागी पहिल्या महायुद्धानंतर कापोक, म्हणजे आपल्याकडील सावरीच्या कापसासारखा हलका कापूस, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम धागे व फोम आल्यावर खेळणे खऱ्या अर्थाने मऊ झाले. १९५८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांवरील प्रयोग मांडले. दूध देणाऱ्या तारेच्या ‘आई’पेक्षा दूध न देणाऱ्या, पण कापडाने मढवलेल्या ‘आई’ला पिल्ले अधिक वेळ बिलगून राहिली. हे प्रयोग आज क्रूर वाटतात आणि ते तसे होतेच. तथापि माया ही केवळ भुकेची उपज नसते, हे त्यांनी दाखवून दिले.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांचा ‘संक्रमणवस्तू’विषयीचा निबंध १९५१ मध्ये वाचला गेला आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. मूल आईपासून वेगळे होऊ लागते तेव्हा एखादी मऊ वस्तू मधल्या अवकाशात उभी राहते. ती पूर्णपणे ‘मी’ नसते आणि पूर्णपणे परकीही नसते. विनिकॉट यांनी एक बारीक निरीक्षण नोंदवले आहे. शहाणी आई ही वस्तू मळली तरी धूत नाही, कारण धुतल्याने तिच्यातील सातत्य तुटते. मराठी घरांत हे समजावून सांगण्यासाठी मनोविश्लेषणाची गरज नाही. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी धुवायला टाकली की त्या रात्री रडून गोंधळ घालणारे मूल प्रत्येक घराने पाहिलेले असते. विनिकॉट यांच्या निबंधानंतर जेमतेम वर्षभरात, १९५४ मध्ये, ब्रिटनमधील वेंडी बोस्टन यांच्या कारखान्याने यंत्रात धुता येणारे अस्वल बाजारात आणले. पालकांना ते आवडले.

विनिकॉट यांच्या मते अशी वस्तू कालांतराने विसरलीही जात नाही आणि तिचा शोकही होत नाही. तिचा अर्थ फक्त हळूहळू विरून जातो. संग्राहकांच्या बाबतीत मात्र नेमके उलट आढळते. ब्रिटिश नट पीटर बुल (१९१२–१९८४) यांचे बालपणीचे अस्वल ते शाळेत असताना आईने परस्पर देऊन टाकले होते. ही सल त्यांनी लपवली नाही. १९६९ मध्ये त्यांनी टेडी बेअरवर पुस्तक लिहिले आणि त्याविषयी दूरचित्रवाणीवर बोलले, तेव्हा त्यांना अनोळखी प्रौढांची पत्रे येऊ लागली. आपलेही एक अस्वल आहे, हे कोणाला तरी सांगण्याची ही पहिलीच संधी त्या लोकांना मिळाली होती. संघटित टेडी-संग्रहाचा आरंभ बहुधा याच काळापासून मानला जातो. अर्थ विरून जाण्यापूर्वीच वस्तू हिरावली गेली, तर तिचा शोध आयुष्यभर चालू राहतो, असा तर्क येथे करता येईल. सर्वच संग्राहकांना तो लागू पडेल असे नाही.

किंमत

भावनेची किंमत ठरू लागली की तिचे दोन परस्परविरोधी हिशेब तयार होतात. ५ डिसेंबर १९९४ रोजी लंडनमध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने ‘टेडी गर्ल’ नावाचे श्टाइफचे जुने अस्वल विकले. ते कर्नल बॉब हेंडरसन यांच्याजवळ त्यांच्या बालपणापासून अखेरपर्यंत राहिले होते. अपेक्षित रकमेच्या कितीतरी पट, म्हणजे १ लाख १० हजार पौंड किंमत त्याला मिळाली आणि ते जपानमधील इझू येथील संग्रहालयासाठी गेले. येथे अस्वलाचे आयुष्य, कोणी तरी त्याच्यावर केलेली दीर्घ माया, हीच किमतीचा मोठा भाग होती.

त्याच दशकात अमेरिकेत टाय वॉर्नर यांच्या ‘बीनी बेबीज’ या लहान, अर्धवट भरलेल्या प्राण्यांनी नेमका उलटा नियम रूढ केला. पाच डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या या खेळण्याच्या कानाला हृदयाच्या आकाराची पुठ्ठ्याची चिठ्ठी असे आणि तीवर त्याचे नाव व जन्मदिनांक छापलेला असे. ठरावीक प्राण्यांचे उत्पादन अचानक बंद करून ते ‘निवृत्त’ झाल्याचे कंपनी जाहीर करी. त्यासरशी त्यांचे भाव वाढत. १९९७ मध्ये राजकन्या डायनाच्या स्मरणार्थ निघालेल्या जांभळ्या अस्वलासाठी रांगा लागल्या. चिठ्ठी दुमडू नये म्हणून प्लास्टिकची आवरणे विकली जाऊ लागली. मुलाने हात लावला की किंमत घटली. जन्मदिनांक असलेल्या, पण आयुष्य जगण्याची मुभा नसलेल्या या प्राण्यांत अनेक कुटुंबांनी बचत गुंतवली. १९९९ मध्ये लास व्हेगास येथे घटस्फोट घेतलेल्या एका जोडप्याने न्यायाधीशांच्या आदेशावरून न्यायालयाच्या फरशीवर बसून आपले बीनी एकेक करून वाटून घेतले. त्याच वर्षी कंपनीने उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, नंतर ती मागे घेतली, आणि भाव कोसळले.

या लाटेला ‘लोभ’ म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु केवळ लोभ असता, तर त्या प्राण्यांना नावे देण्याची गरज पडली नसती. समभागाला कोणी जन्मदिनांक देत नाही. जुनी माया आणि नवा सट्टा एकाच कापडात शिवले गेले होते. अलीकडे पॉप मार्ट या चिनी कंपनीच्या दातेरी हास्याच्या ‘लाबुबू’विषयीही हेच म्हणता येते. आत कोणते बाहुले आहे हे न कळणाऱ्या खोक्यात ते विकले जाते.

न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाकडे १९८७ पासून पाच जीर्ण प्राणी काचेआड ठेवलेले आहेत. त्यांतील अस्वल १९२१ मध्ये लंडनच्या हॅरड्स या दुकानातून ए. ए. मिल्न यांच्या मुलासाठी घेतले होते. मुलांच्या साहित्यात ‘विनी द पू’ म्हणून प्रसिद्ध झाले ते हेच. १९९८ मध्ये ग्वेनेथ डनवुडी या ब्रिटिश खासदार महिलेने हे प्राणी मायदेशी परत आणावेत अशी मागणी केली आणि काही दिवस दोन्ही देशांच्या वृत्तपत्रांत वाद रंगला. संचातील सर्वांत लहान प्राणी, कांगारूचे पिल्लू, १९३० च्या दशकातच हरवले होते. ज्या मुलाचे हे प्राणी होते, त्या ख्रिस्तोफर मिल्न यांनी प्रौढपणी ते परत मागितले नाहीत. आज आवडणाऱ्या वस्तू आपल्याभोवती असाव्यात, पूर्वी कधीतरी आवडलेल्या नव्हे, अशा आशयाचे उत्तर ते देत असत.