वाघोबाचा करार

वारली मुलुखांत रानाच्या कडेला शेंदूर लावलेली लांकडी फळी आढळते; तिच्यावर वाघ, सूर्य, चंद्र. हा वाघोबा. कथा अशी: वाघ झालेला मुलगा गांवचीं गुरें मारूं लागला, तेव्हां आईनें तडजोड केली. गांवानें ठाणें मांडून वर्षाला नैवेद्य द्यावा, त्यानें रान धरावें. कथेनें गुरें वांचत नाहींत. वैर मात्र कमी धरलें जातें.

बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानाच्या पोटांत वारली पाडे असूनही मुंबईला हा करार ठाऊक नव्हता. बिबट्या दिसला कीं पिंजरा! बाहेर धरलेले बिबटेही तेथेंच सोडले गेले. २००४ सालीं हल्ल्यांनीं कहर केला. २०११ पासून वनखातें व नागरिक वस्त्यांत, शाळांत सांगूं लागले: कचऱ्यावर कुत्रीं जमतात, त्यांच्यामागें बिबट्या येतो, कचरा उचला, तिन्हीसांजेला मूल एकटें सोडूं नका.