मंत्रचळ : संशयाचा आजार आणि त्यावरील उपचार

धुतलेले हात पुन्हा पुन्हा धुणे, कुलूप लावल्याचे ठाऊक असूनही जिन्यावरून परत फिरणे, या गोष्टींकडे घरोघरी स्वभावदोष म्हणून पाहिले जाते. मात्र अशा विचारांत आणि कृतींत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जाऊ लागला किंवा काम, झोप, नातेसंबंध यांत बाधा येऊ लागली, तर तो आजार असण्याची शक्यता असते. मराठीत त्यासाठी मंत्रचळ हा जुना शब्द आहे. वैद्यकशास्त्रात तो ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, अर्थात ओसीडी, या नावाने ओळखला जातो. नीटनेटकेपणाला गमतीने ओसीडी म्हणण्याची अलीकडची प्रथा मात्र दिशाभूल करणारी आहे.

या आजारात नकोसा विचार मनात बळेच शिरतो. त्यातून उद्भवणारी अस्वस्थता शमवण्यासाठी रुग्ण एखादी कृती करतो, क्षणभर बरे वाटते आणि त्यामुळेच ती कृती पुन्हा करावीशी वाटते. सर्वच कृती बाहेरून दिसतात असे नाही. काही जण मनातल्या मनात आकडे मोजतात. आपल्या हातून मुलाला इजा होईल, देवासमोर अभद्र शब्द मनात येतील, असे विचारही रुग्णाला छळतात. ते त्याच्या इच्छेचे द्योतक नसतात. उलट त्यांचीच त्याला भीती वाटते. तरीही लाजेपोटी अनेक जण वर्षानुवर्षे मौन बाळगतात.

लंडनमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आजची प्रमुख उपचारपद्धती विकसित झाली. रुग्णाने भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि नेहमीची कृती टाळायची, असे तिचे स्वरूप आहे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी औषधेही दिली जातात. त्यांचा परिणाम दिसण्यास ८ ते १२ आठवडे लागू शकतात. त्यामुळे दोन आठवड्यांत गुण नाही म्हणून ती परस्पर बंद करू नयेत.

कुटुंबीयांची भूमिका नाजूक असते. "गॅस बंद आहे ना?" या प्रश्नाला दहाव्यांदा "हो" म्हणणे मायेचे असले, तरी त्याने संशयालाच खतपाणी मिळते. मात्र असा आधार एकाएकी काढून घेणेही योग्य नाही. तो कसा कमी करावा, हे उपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावे.

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य सल्ला मिळतो. बंगळुरू येथील निम्हान्स संस्थेत ओसीडीसाठी विशेष चिकित्सालय आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा अधिकार आहे. बोलणे कठीण वाटत असल्यास मनात येणारे विचार आणि त्यांत जाणारा वेळ कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांच्या हाती दिला तरी चालतो.