छावणीला प्रश्न कोण विचारणार?

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

आमच्या आत्याच्या तोंडी 'कँप' हा शब्द कधी आला नाही. "जरा लष्करात जाऊन येते," म्हणायची आणि पिशवी घेऊन बस पकडायची. लहानपणी मला खरंच वाटायचं की आत्या सैन्यात आहे. जुने पुणेकर अजूनही लष्करच म्हणतात. आपल्या महापालिकेच्या जलकेंद्राचं नावही लष्कर जलकेंद्रच आहे.

आत्याची आठवण निघाली ती एका वादावरून. गेल्या आठवड्यात एका ग्रुपवर मी लिहिलं की छावणीच्या जमिनीचा, पाण्याचा आणि विजेचा हिशोब लोकांसमोर यायला हवा. लगेच उत्तर आलं, "सैन्याला हिशोब विचारायचा नसतो." लिहिणारे काका निवृत्त आहेत, मला वडिलांसारखे आहेत. त्यांच्याशी तिथे भांडलो नाही, पण इतिहास नेमका उलटं सांगतो. छावणीला हिशोब विचारला गेला तेव्हा सगळ्यात आधी वाचला तो सैनिकच. म्हणून हे इथे सविस्तर लिहितोय.

सुरुवात आपल्याच अंगणातून करू. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली, पेशवाई संपत आली आणि इंग्रजांनी पुण्याला व खडकीला कायमचा तळ ठोकला. परेडचं मैदान, बराकी, साहेबांचे बंगले आणि या सगळ्यांना भाजीपाला, दूध, धोबी, शिंपी पुरवणारा सदर बाजार, अशी ती वस्ती. शहराचा कायदा वेगळा, छावणीचा वेगळा. आत काय चाललंय हे बाहेरच्या कुणी विचारायचं नाही.

पण आत माणसं मरत होती, आणि तीही लढाईत नव्हे. कॉलरा, हगवण, विषमज्वर, यकृताचे आजार यांनी. 1857 नंतर इंग्लंडहून आणखी पलटणी आल्या आणि हा खर्च लंडनला सोसेना. गोरा शिपाई जहाजातून इथवर आणायचा आणि दोन वर्षांत पुरायचा, हे परवडणारं नव्हतं. 1859 मध्ये हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं गेलं. 1863 मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातला एक आकडा पुढे गाजला: दर हजारी 69. हजार गोऱ्या शिपायांमागे दरसाल 69 मृत्यू.

या कामामागे बसलेली बाई म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. शाळेच्या पुस्तकात आपण तिला हातात दिवा घेतलेली परिचारिका म्हणून ओळखतो. खरं तर ती आकड्यांची बाई होती. आयुष्यात कधी हिंदुस्थानात आली नाही, बराच काळ अंथरुणाला खिळलेली होती, पण तिने इथल्या छावण्यांना छापील प्रश्नावली पाठवण्याची व्यवस्था केली. पाणी कुठून येतं? विहिरीजवळ काय आहे? सांडपाणी कुठे जातं? एका बराकीत किती माणसं झोपतात? इस्पितळ कसं आहे?

उत्तरं आली तशी चित्र स्पष्ट झालं. अनेक ठिकाणी गटारं नव्हतीच. पाणी भिस्ती पखालीतून आणत. ते कुठल्या तळ्यातून भरलंय, त्या तळ्यात काय पडतंय, याची तपासणी नाही. बराकीत माणसं कोंबलेली. नाइटिंगेलने यावर आपली निरीक्षणं लिहिली आणि सोबत चित्रंही घातली, म्हणजे लंडनच्या खासदाराला पखाल कशी असते ते डोळ्यांनी दिसेल.

आता गंमत बघा. मूळ अहवाल दोन जाडजूड खंडांचा. तो कोण वाचणार, म्हणून एक आटोपशीर आवृत्ती काढली गेली. त्या आवृत्तीतून वगळलं काय? छावण्यांनी स्वतः दिलेली उत्तरं आणि नाइटिंगेलची निरीक्षणं! जे सगळ्यात अडचणीचं तेच गळालं. बाई गप्प बसली नाही. तिने आपलं लिखाण वेगळं छापून घेतलं आणि ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांच्यापर्यंत पोचवलं. अहवाल लिहून भागत नाही, तो लोकांच्या हातात पडावा लागतो, हे तिला पक्कं कळलं होतं.

1864 मध्ये तिन्ही इलाख्यांत आरोग्य आयोग नेमले गेले. विहिरी, गटारं, बराकी यांच्यावर पैसा खर्च होऊ लागला. 1873 मध्ये नाइटिंगेलनेच नवा आकडा मांडला: दर हजारी 69 वरून 18. दहा वर्षांत! एकही नवं औषध नव्हतं. फक्त कुणीतरी बाहेरून विचारलं, मोजलं आणि छापलं.

याच काळात आपल्याकडे खडकवासल्याचं धरण उभं राहत होतं. 1879 मध्ये ते पूर्ण झालं आणि जलाशयाला फाइफ या इंजिनिअरचं नाव मिळालं. शेतीबरोबरच पुणे आणि खडकीच्या छावण्यांनाही त्याचं पाणी मिळालं. आज त्याच पाण्यावर आपण सगळे जगतो.

याला दुसरी बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. ही सगळी काळजी प्रामुख्याने गोऱ्या शिपायाची होती. सदर बाजारातला माणूस साहेबाच्या लेखी रोगाचं मूळ होता. 1864 च्या छावणी कायद्याने बाजारातल्या बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी आणली. देखरेख होती, पण तिचा डोळा एकाच दिशेला होता. ज्याला प्रश्न विचारायचा हक्क नाही त्याच्या वाट्याला देखरेखीतून फक्त जाच येतो.

कुणी म्हणेल, हे दीडशे वर्षांपूर्वीचं झालं, आता कुठे असं होतं? तर चला हवाईला, 2021 सालात. जगातलं सगळ्यात श्रीमंत सैन्य, आणि पुन्हा गोष्ट पाण्याचीच.

पर्ल हार्बरजवळ रेड हिल नावाची टेकडी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने तिच्या पोटात इंधनाच्या 20 टाक्या बांधल्या. प्रत्येक टाकी सुमारे 250 फूट उंच, सगळ्या मिळून साधारण 95 कोटी लिटर इंधन मावेल एवढ्या. आणि त्यांच्या खाली जेमतेम 100 फुटांवर त्या बेटाचा पिण्याच्या पाण्याचा भूगर्भातला साठा! 2014 मध्ये एका टाकीतून लाखभर लिटर इंधन गळलं. पर्यावरण खातं जागं झालं, 2015 मध्ये नौदलाबरोबर करार झाला, सुधारणांच्या तारखा ठरल्या. टाक्या मात्र तिथेच राहिल्या.

मे 2021 मध्ये पुन्हा गळती झाली. त्यातलं बरंचसं इंधन आग विझवण्याच्या यंत्रणेच्या एका पाइपात जाऊन बसलं. सहा महिने ते तिथे आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही! 20 नोव्हेंबरला बोगद्यातल्या एका गाडीचा धक्का त्या पाइपाच्या व्हॉल्व्हला लागला आणि सुमारे 75 हजार लिटर बाहेर आलं. आठवडाभराने नौदलाच्याच वसाहतीतल्या बायका सांगू लागल्या की नळाला इंधनाचा वास येतोय. मुलांना उलट्या, अंगावर पुरळ. सुरुवातीला उत्तर मिळालं की पाणी सुरक्षित आहे. त्या जलव्यवस्थेवर सुमारे 93 हजार लोक अवलंबून होते, आणि त्यात बहुतेक सैनिकांचीच कुटुंबं होती.

शेवटी हवाई राज्याच्या आरोग्य खात्याने आणीबाणीचा आदेश काढला: टाक्या रिकाम्या करा. नौदलाने आधी विरोध केला. मार्च 2022 मध्ये संरक्षण मंत्र्यांनी रेड हिल कायमचं बंद करण्याची घोषणा केली. 1863 मध्ये विहीर आणि पखाल होती, 2021 मध्ये पाइप आणि व्हॉल्व्ह. आतल्या माणसाने "सगळं ठीक आहे" म्हणायचं आणि बाहेरच्याने तपासायचं, ही गरज तीच राहिली.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे बाहेरून विचारणारी मुख्य संस्था म्हणजे कॅग. 2010-11 चा 35 क्रमांकाचा अहवाल संरक्षण खात्याच्या जमिनींवर आहे. सुमारे 17 लाख एकरांचा कारभार, आणि संरक्षण संपदा कार्यालयाचे आकडे एक तर स्थानिक लष्करी अधिकाऱ्यांचे दुसरेच, असं त्यात निघालं. त्याहून बोलका भाग गोल्फचा. आठ हजार एकरांहून जास्त जमिनीवर 97 गोल्फ मैदानं, आणि कागदावर त्यांचं नाव काय? 'पर्यावरण उद्यान व प्रशिक्षण क्षेत्र'! झाडं लावली, हिरवळ राखली, म्हणून पर्यावरण. बाहेरच्यांकडून फी घेतली जात होती, सरकारी तिजोरीत मात्र ती जात नव्हती.

हा अहवाल आला म्हणून देश कमकुवत झाला का? उलट, जानेवारी 2022 मध्ये संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की 17.78 लाख एकर जमिनीची मोजणी स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच पूर्ण झाली. ड्रोन वापरले, उपग्रहाची चित्रं वापरली. ज्यांनी हे काम केलं त्यांचं कौतुकच आहे. आपली जमीन किती हे माहीत असणं सैन्याच्याच फायद्याचं.

विजेचंही असंच. संरक्षण आस्थापनांत आणि निमलष्करी दलांत 300 मेगावॉटहून जास्त सौर ऊर्जेची योजना केंद्राने दहा वर्षांपूर्वी मंजूर केली. चांगलीच गोष्ट. पण छपरावर पॅनेल किती बसले हा एक आकडा, त्यातून युनिट किती निघाले आणि बिल किती उतरलं हा दुसरा. लोकांना दुसरा आकडा कळला पाहिजे.

आणि आता मुळावरच येतो. महाराष्ट्रात सात छावण्या होत्या: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद, कामठी. 2006 च्या कायद्याने इथल्या नागरिकांना बोर्डात निवडून दिलेले सदस्य दिले. फेब्रुवारी 2021 मध्ये त्या सदस्यांची वाढवून दिलेली मुदतही संपली. 30 एप्रिल 2023 ला मतदान ठरलं, आणि मार्चमध्ये ते रद्द झालं. नागरी वस्ती महापालिका-नगरपालिकांत विलीन करायची म्हणून. विलीनीकरण बरं की वाईट, यावर वाद होऊ शकतो, माझंही मत पुरतं ठरलेलं नाही. पण दरम्यानच्या काळात नळाला गढूळ पाणी आलं तर सदर बाजारातल्या बाईने कुणाचं दार वाजवायचं? 1864 मध्ये तिला विचारायचा हक्क नव्हता. मधली बरीच वर्षं तो होता. आता पुन्हा नाही.

ग्रुपवरच्या काकांना माझं एवढंच सांगणं आहे. काका, क्षेपणास्त्रं कुठे ठेवलीत हे कुणी विचारत नाहीये. ते गुप्तच राहू द्या. पण विहीर, गटार, विजेचं बिल आणि सातबारा यात गुपित कसलं? ते पाणी आधी जवान पितो, त्याची मुलं पितात. मग आपण.

तुमच्यापैकी जे छावणीच्या हद्दीत राहतात त्यांनी खाली जरूर लिहा: तुमच्याकडे पाण्याची, कचऱ्याची तक्रार सध्या कोण ऐकतं? नावं-गावं नकोत, अनुभव सांगा. काका, तुम्हीही लिहा. तुम्ही बराकीत राहिलेला माणूस आहात, पाण्याचं मोल माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक असणार.