घेवराचे पाठभेद

फाल्गुनात होळी जवळ आली की उल्हासनगरच्या कॅम्प २ मधील मिठाईच्या दुकानांत पसरट कढया चढतात. आंबवलेले मैद्याचे सरसरीत पीठ गोल गोल सोडले जाते, वेढ्याला वेढा चिकटतो आणि ताटलीएवढे केशरी चक्र पाकातून निथळत बाहेर येते. परका माणूस त्याला 'मोठी जिलेबी' म्हणतो. सिंधी माणूस म्हणतो 'घीयर'. आम्हीही प्रथम जिलेबीच म्हटले होते. त्या चुकीतूनच हे टिपण सुचले.

हे नाव राजस्थानी 'घेवर'च्या कुळातले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भक्ष्य पदार्थांमध्ये 'घृतपूर' येतो, आणि अभ्यासक घेवराची व्युत्पत्ती त्याच शब्दाशी जोडतात. पण नाव एक असले तरी रीत एक नाही. जयपूरचा घेवर आंबवलेला नसतो. तूप फेटून त्यात मैदा आणि गार पाणी मिसळायचे, त्याची बारीक धार साच्यातल्या कढत तुपात सोडायची, की मधाच्या पोळ्यासारखी जाळी धरते. त्याचा ऋतू श्रावण आणि सण तीज. घीयरचा सण होळी.

आता यातला 'मूळ' कोणता? भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ एवढा काळ चालले. हस्तलिखिते ताडून शक्य तितका प्राचीन पाठ सिद्ध करणे हे त्यामागचे सूत्र. पाककृतीला हे सूत्र लावता येत नाही. घृतपुराची प्राचीन कढई आपल्या हाती नाही, आणि असती तरी तिच्यामुळे घीयर अशुद्ध ठरला नसता. पुरणाची पोळी खानदेशात खापरावरचा मांडा होते. तिला कोणी अपपाठ म्हणत नाही.

मात्र मांड्याला खानदेश आहे. घीयरचा प्रदेश १९४७ साली सीमेपलीकडे राहिला. महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत निर्वासित सिंधी कुटुंबे आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसवली गेली. सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले ते १९६७ साली. स्वतःचे राज्य मात्र तिला नाही. ज्या पाठाला प्रदेश उरला नाही तो टिकतो कशाच्या आधारावर?

आमच्या मते, तिथीच्या आणि नात्याच्या. राजस्थानात तीजेच्या सिंजाऱ्यात लेकीकडे घेवर जातो. सिंधी घरांतून होळीला विवाहित मुलीकडे घीयर आणि खव्याची प्राघडी जाते. कढई वेगळी, महिना वेगळा, पण पाठवणारे माहेरच. फाळणीनंतर सिंधी लेकी अजमेर, इंदूर, मुंबई अशा कुठकुठल्या शहरांत नांदू लागल्या. ज्या आयांचे स्वतःचे माहेरगाव परत न दिसण्याजोगे झाले होते, त्यांनी लेकींना पाठवण्यासाठी बराकींतच माहेर उभे केले.

म्हणून घीयरला 'मोठी जिलेबी' म्हणणे ही केवळ चवीची चूक नव्हे, ती वाचनाची चूक आहे. आकार पाहून आम्ही अर्थ ठरवला होता. पाठभेद वाचायचा तर तो कोणासाठी लिहिला गेला हेही विचारावे लागते. कॅम्प २ मधल्या दुकानात होळीच्या आधी बांधली जाणारी खोकी ते उत्तर दरवर्षी देतात.