धरण आणि आज्ञावली : एकाच तालुक्यातील दोन कार्यपद्धती

मुळशी म्हटले की मुसळधार पाऊस, आंबेमोहर तांदूळ आणि धरण या तीन गोष्टी आपल्याला आठवतात. याच तालुक्याच्या पूर्व कडेला हिंजवडी आणि माण ही गावे आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले. आज तेथे हजारो अभियंते सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाच्या आज्ञावली, लिहितात. धरण बांधणे आणि आज्ञावली लिहिणे ही दोन्ही अभियांत्रिकीचीच कामे. मग ती एकाच रीतीने का करू नयेत? या प्रश्नाचा इतिहास आपण पाहू.

धरण बांधताना क्रम ठरलेला असतो. आधी पाहणी, मग आराखडा, मग बांधकाम आणि शेवटी तपासणी. अर्धे धरण बांधून, पाणी अडवून बघू आणि मग उंची ठरवू, असे म्हणता येत नाही. दगडचुन्यात झालेली चूक सुधारणे फार महाग पडते.

संगणकाची पहिली मोठी कामे सुरू झाली, तेव्हा हाच क्रम तेथेही रूढ झाला. ग्राहकाच्या सर्व गरजा लिहून घ्यायच्या, आराखडा करायचा, आज्ञावली लिहायची, तपासायची आणि ग्राहकाच्या हाती द्यायची. पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडावे आणि परत वर जाऊ नये, तशी ही रीत असल्यामुळे तिला 'वॉटरफॉल', म्हणजे धबधबा, असे नाव पडले. गंमत अशी, की ज्या निबंधातील आकृतीवरून ही रीत प्रसिद्ध झाली, तो विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा निबंध प्रत्यक्षात सावधगिरीचा इशारा होता. केवळ या क्रमाने गेल्यास काम फसण्याचा धोका आहे, असे त्यांनी त्यातच म्हटले होते. लोकांनी आकृती घेतली आणि इशारा सोडला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ मध्ये केलेल्या मानकावरही याच क्रमाची छाप होती. ते मानक १९९४ मध्ये बदलावे लागले.

हा क्रम का फसतो, हे शाळेतल्याच उदाहरणाने पाहू. समजा, निकाल तयार करणारी आज्ञावली करायची आहे. गुण भरा, बेरीज करा, सरासरी काढा, असे मुख्याध्यापकांनी लिहून दिले. सहा महिन्यांनी आज्ञावली आली. वर्गात ४० मुले असून त्यांपैकी ४ जण परीक्षेला गैरहजर होते. उरलेल्या ३६ जणांच्या गुणांची बेरीज १८००, म्हणजे सरासरी ५० यायला हवी. आज्ञावलीने गैरहजर मुलांना शून्य गुण धरले आणि सरासरी ४५ दाखवली. चूक कोणाची? गैरहजर आणि शून्य यांत फरक आहे, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. इतके ठाऊक, की ते लिहून द्यावे असे सुचतच नाही. वापरणाऱ्याला काय हवे आहे, हे बरेचदा काहीतरी वापरून पाहिल्यावरच त्याला स्वतःला कळते.

उपायही यातूनच निघतो. पहिल्या दोन आठवड्यांत एकाच वर्गाचा, एकाच विषयाचा निकाल देणारी छोटी पण चालणारी आज्ञावली करायची आणि ती शिक्षकांपुढे ठेवायची. गैरहजेरीची चूक तेथेच सापडते आणि दुरुस्तीला फार वेळ लागत नाही. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकाच्या कामावर केंट बेक यांनी १९९६ पासून या दिशेने प्रयोग केले. जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी 'स्क्रम' ही पद्धत १९९५ मध्ये मांडली. हे नाव रग्बीच्या खेळातले आहे. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ च्या एका लेखात, खेळाडूंनी मिळून चेंडू पुढे नेण्याची उपमा वापरली होती. तेथून ते आले.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. तेव्हापासून या पद्धतींना 'अजाइल', म्हणजे चपळ, हे नाव मिळाले. कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी सहकार्य आणि ठरलेल्या योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद मोलाचा, असे त्यात म्हटले आहे. योजना नको, असे मात्र त्यात म्हटलेले नाही.

स्क्रममध्ये कामांची यादी महत्त्वाच्या क्रमाने लावतात. तीतील थोडी कामे घेऊन एक ते चार आठवड्यांची फेरी करतात. रोज पंधरा मिनिटे एकत्र येतात, फेरीच्या अखेरीस चालणारा भाग दाखवतात आणि आपली रीत कुठे सुधारता येईल याचा विचार करतात. जुने भाग बिघडले नाहीत ना, हे तपासायला स्वयंचलित चाचण्या लागतात. त्या नसतील, तर प्रत्येक बदल नवी चूक आणतो. आम्ही संशोधनात मोठ्या प्रयोगाआधी छोटा प्रयोग करून पाहतो, त्यामागचे तर्कशास्त्र हेच आहे.

हिंजवडीत एक अडचण आहे. जाहीरनाम्याच्या तत्त्वांत समोरासमोरच्या बोलण्यावर भर आहे, पण ग्राहक पुष्कळदा अमेरिकेत असतो. न्यूयॉर्क आणि आपल्यात साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर आहे. आपली संध्याकाळ तीच त्यांची सकाळ, म्हणून बैठका संध्याकाळी होतात. वरिष्ठांना हिशेब देण्यापुरत्या त्या उरल्या, तर नाव चपळ आणि रीत जुनीच राहते.

मग धरणाची रीत चुकीची का? तसे नाही. पण तिथे एक वेगळी जबाबदारी येते. टाटा कंपनीच्या मुळशी प्रकल्पासाठी मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिले. लढा १९२४ पर्यंत चालला, तरी धरण झालेच, आणि १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर कोकणात भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. बुडालेली शेते पुन्हा वर येणार नव्हती.

म्हणून कोणतेही काम हाती घेताना पहिला प्रश्न हा, की चूक झाली तर परत फिरता येईल का? येत असेल, तर थोडे करावे, दाखवावे, विचारावे आणि सुधारावे. येत नसेल, तर ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना सुरुवातीलाच विचारले पाहिजे. रुग्णालयातील यंत्रे वा रेल्वेचे सिग्नल चालवणारी आज्ञावली या बाबतीत धरणाला अधिक जवळची आहे.

वर्गात एक उपक्रम करून पाहावा. मुलांचे दोन गट करून दोघांना शाळेच्या परिसराचा नकाशा काढायला सांगावे. एका गटाने तो पूर्ण करूनच दाखवावा, दुसऱ्याने दर दहा मिनिटांनी पहिलीच्या एखाद्या मुलाच्या हाती देऊन त्याला वाट सापडते का ते पाहावे. शेवटी कोणत्या नकाशावरून ते मूल पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचते, ते मोजावे आणि कारणांची चर्चा मुलांनाच करू द्यावी.