अधू दृष्टीचा चित्रकार

वर्गात एखादा मुलगा असा असतो की त्याला फळ्यावरचे नीट दिसत नाही. पुस्तक तो नाकाशी धरून वाचतो. चित्रकलेचा तास आला म्हणजे गुरुजी मायेने म्हणतात, "तू बस रे बाजूला. तुला नाही जमायचं." गुरुजींच्या मनात वाईट काही नसते, बरे का! पण त्या एका वाक्याने त्या मुलापुरते एक दार बंद होते. आज अशाच एका मुलाची हकिकत तुम्हांला सांगावयाची आहे. त्याच्यासाठी मात्र ते दार उघडे राहिले.

विनोदबिहारी मुखर्जी हे त्याचे नाव. जन्म १९०४ सालचा, कलकत्त्याजवळच्या बेहाल्याचा. एका डोळ्याने जन्मापासून दिसत नव्हते आणि दुसऱ्याची दृष्टी अतिशय अधू होती. १९१७ साली तो रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात शिकावयास आला. दोन वर्षांनी तेथे कलाभवन सुरू झाले, तेव्हा पहिल्या विद्यार्थ्यांत तोही होता. इतके कमी दिसणाऱ्या मुलाने चित्रकलेच्या मागे लागावे का, अशी शंका त्याचे गुरू नंदलाल बोस यांना आली. त्यावर रवींद्रनाथांनी एवढेच विचारले, की मुलगा मन लावून काम करतो ना? मग त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. असा प्रसंग सांगतात.

पुढे काय झाले पाहा. १९२५ साली विनोदबिहारी त्याच कलाभवनात शिक्षक झाले. १९४६-४७ साली त्यांनी शांतिनिकेतनातील हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विशाल चित्र रंगविले. हे काम सोपे नव्हे. चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग द्यावा लागतो. गिलावा वाळला, की रंग भिंतीत मुरत नाही. म्हणजे रोज थोडा गिलावा करावयाचा आणि तेवढेच रंगवावयाचे. साऱ्या भिंतीवर एकदम नजर टाकणे ज्याला अवघड, त्याने अख्खे चित्र मनात धरून ते हातभर अंतरावरून असे तुकड्यातुकड्याने पुरे केले! त्या चित्रात कबीर आहेत, तुलसीदास आहेत, आणि परंपरा ज्यांना अंध मानते ते सूरदासही आहेत.

१९५७ च्या सुमारास डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी झाली नाही आणि होती नव्हती तेवढीही दृष्टी गेली. चित्रकाराचे डोळे गेले, आता संपलं सगळं, असेच कोणीही म्हणेल. पण कलाभवनाने त्यांना घरी बसविले नाही. ते परत तेथे येऊन शिकवू लागले. बोटांनी चाचपून रंगीत कागद कापावे, चिकटवावे, मेणाच्या आकृत्या घडवाव्या, असे काम चालू राहिले. कागदाला घड्या घालून त्यांनी आकृत्या केल्या आणि साहाय्यकांच्या मदतीने त्यांवरून १९७२ साली कलाभवनाच्या भिंतीवर फरश्यांचे मोठे चित्र उभे राहिले. त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्याच साली आपल्या गुरूंवर एक लघुपट काढला. १९७४ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि १९८० साली ते निवर्तले.

ही हकिकत ऐकून आपण म्हणतो, "केवढी ही जिद्द!" जिद्द होतीच. पण जिद्दीला प्रवेश लागतो, साधन लागते, आणि पोटापाण्यासाठी पगाराची जागाही लागते. विनोदबिहारींना हे सारे मिळाले. त्यांच्याइतक्याच गुणी अशा किती मुलांना ते मिळाले नसेल, याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

२०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. दिव्यांग कलावंतांना साहाय्य द्यावे, आणि त्यांना भाग घेता येईल अशा रीतीने कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम पुन्हा आखावे, असे त्यात सांगितले आहे. कायदा झाला हे चांगलेच. पण वर्गाचे दार कायदा उघडत नाही, ते गुरुजींनाच उघडावे लागते.

तेव्हा गुरुजी, बाई, पुढच्या चित्रकलेच्या तासाला त्या मुलाला बाजूला बसवू नका. पुढच्या बाकावर घ्या. जाड खडू द्या, रंगीत कागद द्या, नाहीतर नदीकाठची चिकणमाती द्या. त्याचा हात काय करतो ते जरा थांबून पाहा. तो मोठा चित्रकार होईल की नाही, हे आज कोणी सांगावे? पण "तुला नाही जमायचं" हेही आज सांगावयाचे कारण नाही.